खान्देशातले आकडे आणि सरळ रेषा: रिग्रेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडचे विद्यार्थी, शेतकरी गटांचा हिशेब सांभाळणारी मंडळी आणि बागेच्या नोंदी वहीत ठेवणारे शेतकरी यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकड्यांच्या ठिपक्यांमधून रेषा काढणं आता कुणालाच जड जात नाही, मोबाइलसुद्धा काढून देतो. अडतं ते पुढे: त्या रेषेवरून काय म्हणायचं आणि कुठे थांबायचं. म्हणून बहुतेक उत्तरं त्याबद्दलच आहेत. केळीच्या झाडांचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, ते कुठल्या प्रत्यक्ष बागेचे नाहीत. कापसाच्या हमीभावाचे आकडे मात्र खरे, केंद्र सरकारने जाहीर केलेले आहेत.

रिग्रेशन म्हणजे नेमकं काय? एका उदाहरणात सांगा.

रावेर-यावलकडे केळीची बाग निसवली (झाडांतून घड बाहेर पडले) की घरात एकच चर्चा असते: रास, म्हणजे घडाचं सरासरी वजन, किती किलोची पडेल? घड कापायला अजून तीनेक महिने असतात, पण व्यापाऱ्याशी बोलणं, उसने पैसे फेडायचं नियोजन, सगळं त्या अंदाजावर उभं असतं. घड आज तोलता येत नाही. खोडाचा घेर मात्र आज टेपने मोजता येतो, आणि जाड खोडाला सहसा वजनदार घड लागतो हे डोळ्यांनाही दिसतं. ‘सहसा’ आणि ‘वजनदार’ या दोन शब्दांना आकडा देणं म्हणजे रिग्रेशन. मराठी पुस्तकांत त्याला समाश्रयण म्हणतात.

समजा निसवणीच्या वेळी आठ झाडांचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजला आणि पुढे कापणीला त्याच झाडांचे घड किलोत तोलले. घेर आणि वजन अशा जोड्या मिळाल्या: ५६ ला १६, ६० ला १७, ६२ ला १७, ६४ ला २१, ६६ ला २०, ६८ ला २२, ७० ला २३ आणि ७४ ला २४. कागदावर आडवा घेर, उभं वजन घेऊन आठ ठिपके टाका. ते साधारण एका तिरप्या पट्ट्यात पडतात. त्या पट्ट्याच्या मधून जाणारी सर्वांत चांगली सरळ रेषा अशी येते:

वजन = ०.५ × घेर − १२.५

‘सर्वांत चांगली’ कुणी ठरवली?

प्रत्येक ठिपका रेषेपासून वर किंवा खाली किती आहे ते उभ्या अंतरात मोजायचं. या अंतराला अवशेष म्हणतात. सगळ्या अवशेषांचे वर्ग करून बेरीज घ्यायची. ज्या रेषेसाठी ही बेरीज सर्वांत कमी, ती आपली रेषा. नुसती बेरीज घेतली तर वरचे आणि खालचे फरक एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून वर्ग. शिवाय वर्गामुळे मोठी चूक फार महाग पडते, आणि याचा एक वाईट परिणामही आहे. तो पुढे चुकलेल्या नोंदीच्या प्रश्नात दिसेल.

ही पद्धत फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ साली छापून प्रसिद्ध केली. जर्मन गणिती गाउस यांनी १८०९ साली ती मांडताना आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचा दावा केला आणि वाद पेटला. दोघांचंही मूळ काम आकाशातल्या गोलांच्या कक्षांचं होतं.

हाताने करून दाखवाल का? परीक्षेत विचारतात.

जरूर. एकदा हाताने केलं की एक्सेल काय करतं ते कायमचं कळतं.

घेराची सरासरी ६५, वजनाची २०. आता प्रत्येक झाड सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा. घेराचे फरक: −९, −५, −३, −१, १, ३, ५, ९. वजनाचे फरक: −४, −३, −३, १, ०, २, ३, ४. जोडीजोडीने गुणाकार केले तर ३६, १५, ९, −१, ०, ६, १५, ३६, बेरीज ११६. घेराच्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली तर २३२. रेषेचा उतार, म्हणजे घेर एकाने वाढला की रेषा किती चढते, तो ११६ भागिले २३२, म्हणजे ०.५. रेषा दोन्ही सरासरींच्या बिंदूतून जातेच, त्यामुळे स्थिरांक २० − ०.५ × ६५ = −१२.५.

चौथ्या झाडाकडे लक्ष द्या. त्याचा घेर सरासरीपेक्षा कमी, पण वजन सरासरीपेक्षा जास्त. म्हणून त्याचा गुणाकार उणे आला. असली झाडं उतार कमी करतात, आणि ती असायलाच हवीत. सगळेच गुणाकार अधिक आले तर मी आधी नोंदी कुणी आणि कशा घेतल्या ते विचारतो.

एक्सेलमध्ये?

दोन स्तंभ निवडा, स्कॅटर आलेख घ्या, ठिपक्यावर राइट क्लिक करून ट्रेंडलाइन टाका आणि समीकरण दाखवण्याच्या चौकटीत खूण करा. नुसते आकडे हवे असतील तर स्लोप आणि इंटरसेप्ट ही सूत्रं आहेत. त्यांत आधी वजनाचा स्तंभ द्यायचा असतो आणि मग घेराचा. उलट दिलं तर उत्तर येतं, पण वेगळ्याच प्रश्नाचं.

उलट दिलं तर वेगळं उत्तर का? रेषा तर एकच आहे.

रेषा एक नाही. घेरावरून वजन सांगायचं असेल तर वजनातली चूक कमी करायची असते. वजनावरून घेर सांगायचा असेल तर घेरातली. आपल्या आकड्यांत दुसऱ्या रेषेचा उतार ११६ भागिले ६४ (वजनाच्या फरकांच्या वर्गांची बेरीज), म्हणजे १.८१ येतो. पहिलं समीकरण नुसतं उलटवलं असतं तर २ आला असता. बारावी कॉमर्सला हे दोन उतार शिकवतात आणि त्यांचा गुणाकार म्हणजे सहसंबंध गुणांकाचा वर्ग, हेही पाठ करून घेतात. ०.५ × १.८१२५ = ०.९०६. यालाच आर-स्क्वेअर म्हणतात. पाठ करण्याआधी एवढं ठरवावं: आज हातात काय आहे आणि उद्याचं काय हवं आहे. हातात टेप आहे, हवं आहे वजन.

उतार ०.५ आला. म्हणजे घेर एका सेंटिमीटरने वाढवला की घड अर्धा किलोने वाढेल ना?

नाही. या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं ‘नाही’ हेच.

रेषा इतकंच म्हणते: ज्या झाडांचा घेर एका सेंटिमीटरने जास्त आहे, त्यांचे घड सरासरी अर्धा किलोने जास्त भरलेले दिसले. ही झाडाझाडांमधली तुलना आहे. एकाच झाडाचा घेर कशाने तरी वाढवला तर काय होईल, हे आपण पाहिलेलंच नाही. खोड जाड होतं ते मुळं चांगली चालली, पाणी वेळेवर मिळालं, पालाश कमी पडलं नाही आणि करप्याने पानं खाल्ली नाहीत म्हणून. घडही त्याच कारणांनी भरतो. घेर आणि वजन दोन्ही एकाच मुळाशी बांधलेले आहेत. युरिया जास्त ओतून खोड फुगवलं तर घड त्या प्रमाणात भरेलच, असं ही रेषा कुठेही म्हणत नाही.

भाकितासाठी मात्र याने काही बिघडत नाही. घेर हे कारण नसून नुसती खूण असली तरी खुणेवरून अंदाज बांधता येतो. गल्लत होते ती भाकिताची रेषा सल्ल्यासाठी वापरली की. ‘६८ घेराच्या झाडाला किती घड येईल?’ हा एक प्रश्न आणि ‘घड वाढवायला काय करू?’ हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर प्रयोगातून येतं: काही ओळींना एक मात्रा, काहींना दुसरी, आणि कुठल्या ओळीला कुठली ते चिठ्ठ्या टाकून.

उणे १२.५ किलोचा घड? हे तर हास्यास्पद आहे.

घेर शून्य असलेलं केळीचं झाड नसतं, म्हणून त्याचं वजन विचारण्यात अर्थ नाही. ५६ ते ७४ या पट्ट्यात रेषा योग्य उंचीवर बसावी म्हणून लागणारा तो आकडा आहे. अहवालात त्याचा अर्थ लावत बसू नका.

काही ठिकाणी मात्र स्थिरांकाला खरा अर्थ असतो. जिनिंगमध्ये किती कापूस टाकला आणि किती रुई निघाली याची रेषा काढली तर उतार म्हणजे रुईचा उतारा, साधारण ०.३३ ते ०.३६ च्या आसपास. तिथे शून्य कापसाला शून्य रुई हेच बरोबर आहे. स्थिरांक शून्यापासून बराच दूर आला तर काट्यात किंवा नोंदीत काही गडबड आहे का ते बघायला हवं.

आर-स्क्वेअर ०.९१ आला. म्हणजे ९१ टक्के अचूक?

नाही. अर्थ असा की घडांच्या वजनांत आपसात जो फरक आहे, त्याच्या वर्गांच्या हिशेबातला ९१ टक्के भाग घेराच्या फरकाशी जुळतो. आपल्या उदाहरणात वजनांची सरासरीभोवतीची पसरण ६४ होती, रेषा काढल्यावर फक्त ६ उरली.

भाकीत किती किलोने चुकेल हे आर-स्क्वेअर सांगत नाही. ते सांगणारा आकडा वेगळा: अवशेषांची प्रमाण त्रुटी. उरलेले ६, भागिले झाडं वजा दोन म्हणजे ६, आणि वर्गमूळ: १ किलो. शेतकऱ्याच्या कामाचा आकडा हा आहे, कारण तो किलोत आहे. तरी लोक वहीत आर-स्क्वेअर ठळक लिहितात आणि हा सोडून देतात.

शिवाय खऱ्या बागेत एकट्या घेराने ०.९१ क्वचितच मिळेल. माझे आकडे शिकवण्यापुरते नीटनेटके आहेत. ०.४ मिळाला तरी ती रेषा टाकाऊ नसते. तिचा अंदाज तुमच्या कामाला पुरेल इतका जवळ आहे का, ते किलोत बघा.

मग ६६ घेराच्या झाडाचं भाकीत काय सांगू?

रेषेत ६६ घाला: २०.५ किलो. इथे थांबू नका. सांगताना पट्टाही सांगा, आणि पट्टे दोन आहेत.

एका विशिष्ट झाडाबद्दल बोलत असाल, तर आठच झाडांवरून काढलेल्या या रेषेचा ९५ टक्क्यांचा पट्टा अंदाजे २०.५ अधिक-उणे २.६ येतो, म्हणजे १७.९ ते २३.१ किलो. ६६ घेराच्या सगळ्या झाडांच्या सरासरीबद्दल बोलत असाल, तर पट्टा अरुंद होतो: अधिक-उणे ०.९, म्हणजे १९.६ ते २१.४. कारण उघड आहे. एकेक झाड आपापल्या नशिबाने वर-खाली होतं. सरासरीत ते वर-खाली मिटतं.

व्यवहारात हा फरक रोज लागतो. एक्स्पोर्टच्या पेटीसाठी प्रत्येक घड अमुक किलोच्या वर हवा अशी अट असेल तर रुंद पट्टा बघायचा. पूर्ण ट्रक किती भरेल हा प्रश्न असेल तर सरासरीचा. मी तर म्हणेन, पट्टा न देता नुसता ‘२०.५’ सांगणारा माणूस अर्धंच सांगतो, आणि ऐकणारा ते पूर्ण समजून कर्ज काढतो.

टोकाकडे गेलं की पट्टा आणखी रुंदावतो. ७४ घेराला भाकीत २४.५, पण एका झाडाचा पट्टा अधिक-उणे ३ किलो. आकड्यांच्या मध्यावर रेषा घट्ट असते, टोकांवर सैल.

१०० सेंटिमीटर घेराला रेषा ३७.५ किलो सांगते. खरं मानू?

नका मानू. १०० घेराचं एकही झाड तुम्ही रेषेला दाखवलेलं नाही. मोजलं ते ५६ ते ७४, तिच्याशी बोलायचं तेही तेवढ्यातच. पट्ट्याच्या थोडं बाहेर, ७५-७६ वर, जपून सांगता येईल. त्यापुढे समीकरण आकडा देईल, पण त्यामागे काहीच उभं नसेल.

सगळीकडे सरळ रेषाच का? निसर्ग तर सरळ नसतो.

बरोबर, आणि खान्देशात हे वेगळं सांगायला नको. तापमान आणि केळीची वाढ घ्या. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याला कडाक्याची थंडी पडली की नवीन पान यायला वेळ लागतो. ऊन वाढत गेलं की वाढ सुधारते. पण मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास गेला आणि गरम वारे सुटले की पानं करपतात, घड सटकतात, वाढ पुन्हा मंदावते. आलेख डोंगरासारखा: चढ, माथा, उतार. यावर सरळ रेषा टाकली तर चढ आणि उतार एकमेकांना मिटवतील, रेषेचा उतार शून्याजवळ येईल, आणि कुणीतरी गंभीरपणे लिहील की ‘तापमानाचा केळीवर परिणाम नाही’.

कापसाला नत्र देण्याचंही तसंच. सुरुवातीच्या मात्रेला पीक भरभरून उत्तर देतं, नंतरच्या मात्रेला कमी, आणि अति झालं की पऱ्हाटी नुसती पाला धरते आणि रसशोषक किडी वाढतात. फेब्रुवारी ते एप्रिल एवढाच तुकडा किंवा कमी मात्रेचाच भाग असेल तर सरळ रेषा चालून जाते. पूर्ण वर्षासाठी वक्र घ्या किंवा तुकडे पाडा.

हे चुकलंय की नाही ते ओळखायचं कसं?

ठिपके बघा. सूत्र लिहिण्याआधी बघा, लिहिल्यानंतर पुन्हा बघा. फ्रान्सिस अॅन्स्कोम यांनी १९७३ साली चार छोटे आकडे-संच प्रसिद्ध केले, प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांची रेषा तीच, ३ + ०.५ गुणिले क्ष. आर-स्क्वेअरही सगळीकडे ०.६७. आलेख काढला की पहिला नेहमीसारखा विखुरलेला, दुसरा चक्क वक्र, तिसऱ्यात एक ठिपका सोडून सगळे एका रेषेत, आणि चौथ्यात एकट्या दूरच्या ठिपक्याने सगळी रेषा ओढून धरलेली. आकड्यांच्या तक्त्यात चौघे जुळे भाऊ वाटतात.

रेषा काढून झाल्यावर अवशेषांचाही आलेख काढा. आपल्या आठ झाडांचे अवशेष आहेत ०.५, −०.५, −१.५, १.५, −०.५, ०.५, ०.५, −०.५. वर-खाली, कुठला आकार नाही. ते आधी सगळे उणे, मग सगळे अधिक, मग परत उणे असे दिसले तर नातं वक्र आहे. घेर वाढेल तसे ते पसरत गेले तर जाड झाडांचं भाकीत बारीक झाडांइतकं भरवशाचं नाही.

एक आकडा चुकून टाइप झाला तर काय एवढं बिघडतं?

करून बघा. शेवटच्या झाडाचं वजन २४ ऐवजी ४२ लिहा. घाईत असे आकडे उलटतातच. उतार ०.५ वरून सरळ १.२ वर जातो. ६६ घेराचं भाकीत २०.५ चं २३.४ होतं, म्हणजे चूक शेवटच्या झाडापुरती राहत नाही, मधल्या झाडालाही लागते. तरीही आर-स्क्वेअर ०.६८ येतो, आणि तो बघून कुणालाच शंका येत नाही.

टोकाच्या घेराचं झाड असल्यामुळे त्याची ओढ एवढी मोठी. मधल्या झाडाची तीच चूक झाली असती तर उतार फारसा हलला नसता. वेगळा दिसणारा ठिपका आधी वहीशी ताडून बघा. टाइपची चूक असेल तर दुरुस्त करा. खरा असेल तर ठेवा, आणि त्याच्यासह व त्याच्याशिवाय अशा दोन्ही रेषा लिहा. नकोसा वाटला म्हणून पुसू नका. कदाचित त्या झाडाबद्दलच काही शिकण्यासारखं असेल.

कापसाचा हमीभाव दरवर्षी वाढतो. पुढच्या वर्षीचा रेषेवरून काढता येईल?

खरे आकडे घेऊ. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव, क्विंटलला रुपये: २०२१-२२ ला ६,०२५, मग ६,३८०, ७,०२०, ७,५२१ आणि २०२५-२६ ला ८,११०. रेषा टाकली तर उतार वर्षाला सुमारे ५३१ रुपये, आर-स्क्वेअर ०.९९. पुढच्या, म्हणजे २०२६-२७ च्या हंगामासाठी ती साधारण ८,६०५ सांगते. एवढा देखणा आर-स्क्वेअर पाहून कुणालाही खात्री वाटेल.

आता तीच रेषा मागे चालवा. २०१८-१९ साठी ती सुमारे ४,३५६ सांगते; प्रत्यक्ष हमीभाव होता ५,४५०. जवळजवळ अकराशे रुपयांची चूक. झालं असं की त्या वर्षी केंद्राने उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभावाचं धोरण लागू केलं आणि भाव ४,३२० वरून एकदम ५,४५० वर गेला, म्हणजे १,१३० ची उडी. पुढच्याच वर्षी वाढ झाली फक्त १०० रुपये. हमीभाव कृषी खर्च व मूल्य आयोगाची शिफारस आणि मंत्रिमंडळाचा निर्णय यांतून ठरतो. गेल्या पाच वर्षांच्या रेषेला त्या बैठकीत खुर्ची नसते.

काळाच्या आकड्यांत ही फसगत नेहमीची. वर चढत जाणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी, समजा जळगावातलं सोनं आणि मोबाइलची ग्राहकसंख्या, एकमेकींवर टाकल्या तर आर-स्क्वेअर उत्तमच येतो. दोघींना चढवणारा काळ असतो, त्यांचा आपसात संबंध नसतो. अशा वेळी मूळ आकड्यांऐवजी दरवर्षीचे फरक घेऊन बघा. हमीभावाचे फरक आहेत ३५५, ६४०, ५०१, ५८९. आता ‘वर्षाला ५३१’ तेवढं ठाम वाटत नाही.

आणि बाजारभाव?

हमीभावाहून कितीतरी अवघड. २०२२ च्या सुरुवातीला खुल्या बाजारात कापूस दहा हजारांच्या वर विकला जात होता, हमीभाव होता ६,०२५. पुढच्या हंगामात अनेकांनी त्याच आशेने कापूस घरात साठवला आणि भाव खाली आले. केळीचा भाव उत्तरेतली मागणी, सणवार, बऱ्हाणपूरची आवक आणि वाहतूक यांवर आठवड्यात फिरतो. मागच्या भावांवर रेषा टाकून विक्रीची तारीख ठरवू नका, एवढंच सांगेन.

आमच्या आकड्यांत ठिबकवाल्यांचं उत्पन्न खूप जास्त दिसतं. हा ठिबकचाच परिणाम ना?

काही भाग ठिबकचा असेल. पण ठिबक करणाऱ्याकडे बहुधा टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं असतात, विद्राव्य खतं असतात, विजेची आणि विहिरीची सोय बरी असते. मोकळं पाणी देणाऱ्याकडे अनेकदा साधे कंद किंवा पिलबाग (जुन्या झाडांच्या पिलांवर धरलेली बाग) असते. एका चलाची (एकाच मोजलेल्या गोष्टीची) रेषा या सगळ्याचं श्रेय एकट्या ठिबकला देऊन टाकते.

यावर उपाय बहुचल रिग्रेशन: ठिबक, रोपांचा प्रकार, खताचा खर्च, सगळं एकत्र घालायचं. मग ठिबकचा गुणांक ‘बाकीचं सारखं असताना’ असा वाचायचा. पण तुमच्या यादीतल्या प्रत्येक ठिबकवाल्याकडे टिश्यू कल्चर असेल आणि इतर कुणाकडेच नसेल, तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर दोघांचा वाटा वेगळा करू शकत नाही. त्यासाठी ठिबक आहे पण साधा कंद आहे, किंवा टिश्यू कल्चर आहे पण पाटपाणी आहे, असे शेतकरी शोधावे लागतात. दोन दिवस गावोगाव फिरणं महिनाभराच्या गणितापेक्षा इथे जास्त उपयोगी.

गेल्या वर्षी ज्यांचा प्लॉट सर्वांत चांगला होता, त्यांचा यंदा खाली आला. नजर लागली म्हणतात.

नजर नव्हे, आकड्यांत हे नेहमी दिसतं. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश अभ्यासकांनी १८८६ साली आई-वडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास छापला. फार उंच आई-वडिलांची मुलं उंचच निघाली, पण सरासरीच्या जवळ सरकलेली. उतार आला सुमारे दोन-तृतीयांश. सर्वांत वरच्या आकड्यात कष्टही असतात आणि त्या वर्षीचं नशीबही. कष्ट पुढच्या वर्षी टिकतात, नशीब तेवढंच टिकेल असं नाही. म्हणून पहिला आलेला सहसा थोडा खाली येतो आणि शेवटचा सहसा थोडा वर.

या दुसऱ्या भागावर पुष्कळ टॉनिक विकलं जातं. ज्याचा कापूस यंदा पार बसला त्याला बाटली दिली, पुढच्या वर्षी उत्पन्न सुधारलं, जाहिरातीत त्याचा फोटो लागला. बाटलीशिवायही ते बहुधा सुधारलंच असतं. कुणी असे आकडे दाखवले तर एकच विचारा: तेवढंच बसलेल्या, पण बाटली न घेतलेल्या शेतकऱ्यांचं काय झालं?

पी-व्हॅल्यू लिहायलाच हवी का?

प्रबंधात मागतात, तर लिहा. घेराचा आणि वजनाचा काहीच संबंध नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा उतार दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. आपल्या उदाहरणात ती ०.००१ पेक्षाही कमी येते. पण उताराचा ९५ टक्क्यांचा पट्टा जास्त बोलका: ०.५ अधिक-उणे ०.१६, म्हणजे सेंटिमीटरला ०.३४ ते ०.६६ किलो.

मोजायला कुठली झाडं निवडू?

बांधालगतची आणि रस्त्याकडची हाताशी असतात, म्हणून बहुतेक जण तीच मोजतात. त्यांना ऊन आणि मोकळी जागा जास्त मिळते, त्यांच्यावरून आतल्या बागेचं सांगता येत नाही. ओळीचा क्रमांक आणि झाडाचा क्रमांक चिठ्ठ्यांनी काढा. पीक कापणी प्रयोगांत शेत आणि शेतातला तुकडा असाच यादृच्छिक निवडतात, आणि ही शिस्त भारतात रुजवण्यात साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे.

भाकिताची रेषा काढायची असेल तर आणखी एक: बारीक, मध्यम, जाड, सगळ्या घेरांची झाडं येऊ द्या. ६४ ते ६६ मधलीच शंभर झाडं घेतली तरी उतार नीट कळणार नाही. मोजणीत एकसारखेपणा ठेवा. टेप जमिनीपासून दरवेळी त्याच उंचीवर, सुटलेली सुकी पानं बाजूला करून, ओढून पण आवळून नाही. घड तोलताना दांड्यासकट तोलला की दांडा काढून, ते पहिल्या पानावर लिहून ठेवा. अर्धे घड एका पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीने तोलले गेले तर ती भेसळ नंतर कुठल्याही सूत्राने निघत नाही.

मृगबागेवर काढलेली रेषा कांदेबागेला चालेल?

गृहीत धरू नका. मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरपासून. निसवण वेगळ्या ऋतूत येते आणि घड वेगळ्या हवामानात भरतो. तपासायचं सोपं आहे. कांदेबागेतली दहा-बारा झाडं चिठ्ठ्यांनी निवडा, घेर मोजा, जुन्या रेषेने भाकीत करा आणि ते कापणीच्या आधीच वहीत लिहून ठेवा. कापणीला तोलून फरक काढा. फरक थोडे वर, थोडे खाली पडले तर रेषा चालते आहे. बहुतेक सगळे एकाच बाजूला, समजा दीड-दोन किलोने कमी, तर रेषा सरकली आहे आणि कांदेबागेसाठी स्थिरांक वेगळा लागेल. बारीक झाडांना वर आणि जाड झाडांना खाली असा क्रम दिसला तर उतारच बदलला आहे. मग जुन्या रेषेला ठिगळ लावू नका, कांदेबागेची पुरेशी झाडं मोजून नवी काढा.